गावच्या वाचनालयाचे सभासद कार्ड घरच्या घरी: वर्डमधला मेल मर्ज, यादीपासून लॅमिनेशनपर्यंत

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या, पाच लोखंडी कपाटं, एक टेबल आणि एक कॉम्प्युटर, जो चालू व्हायला चहा पिऊन येईस्तोवर वेळ घेते. सभासद १८७. आजवर कार्ड म्हणजे पिवळ्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं नाव आणि त्यावर शिक्का. पावसाळ्यात शेतातून येताना खिशात भिजलं की नाव धुऊन जायचं आणि शिक्का तेवढा राहायचा, मग ग्रंथपाल काकाजी चष्म्याच्या वरून पाहत विचारायचे, "तू कोणाचा बे?"

यंदा ठरलं की छापील कार्ड करायचे, फोटोसकट. तालुक्याला डीटीपीवाल्याकडे दिलं तर एका काना-मात्रेसाठी तीन चकरा, म्हणून मीच म्हटलं की घरी करून पाहतो. आणि पहिल्या दिवशी मी जे केलं ते तुम्ही करू नका. वर्डमध्ये एक कार्ड बनवलं, कॉपी-पेस्ट केलं, नाव बदललं, परत कॉपी-पेस्ट, असे चाळीस झाले तेव्हा ध्यानात आलं की नंबर बदलायचा राहून गेला आणि चौदा जणांचा नंबर एकच आहे. त्या रात्री मेल मर्ज शिकलो.

मेल मर्ज म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसारखं आहे, पत्रिका सगळ्यांना सारखीच जाते, पाकिटावरचं नाव तेवढं वेगळं. वर्डमध्ये कार्डाचा साचा एकदाच करायचा, नावं एक्सेलमध्ये ठेवायची, आणि वर्ड स्वतः एकेक नाव उचलून साच्यात टाकत जाते. वर्डमधलं काम अर्ध्या तासाचं आहे हो. खरं काम यादीचं आहे, आमचे त्यात तीन आठवडे गेले, म्हणून मी पण तिथूनच सुरू करतो.

यादी

एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत फक्त हेडिंग टाका. वर "सभासदांची यादी" असं मोठ्या अक्षरात, सेल मर्ज करून, रंग देऊन काही सजवू नका, कारण वर्ड पहिल्या ओळीलाच हेडिंग समजते. हेडिंग इंग्रजीत, छोटं, एका शब्दात ठेवा म्हणजे पुढे शोधायला सोपं जाते, स्पेस दिली तर वर्ड तिथे अंडरस्कोर टाकून देते. माझे कॉलम असे होते (हेडिंग इंग्रजीत होते, इथं मराठीत सांगतो): नंबर, नाव, गाव, प्रकार (वार्षिक का आजीव), वैधता, फोटो, आणि शेवटी "छापलं" नावाचा एक कॉलम जो कार्डावर येत नाही पण फार कामाचा आहे, त्याचं शेवटी सांगतो.

आधार नंबर कार्डावर टाकू नका. आमच्या मीटिंगमध्ये एकाने सुचवलं होतं की आधार असलं म्हणजे ओळख पक्की. अरे, पुस्तक न्यायला आधार कायले पाहिजे? कार्ड बसस्टँडवर पडलं तर? मोबाइल नंबरही आम्ही रजिस्टरमध्येच ठेवला.

आता नावं. रजिस्टरमधून एक जण वाचणार आणि एक जण टाइप करणार, हे बरं पडते, पण रजिस्टरमधलं नाव बरोबर आहे असं धरून चालू नका. आमच्या भागात वानखडे पण आहेत आणि वानखेडे पण आहेत, आणि एकाचं दुसऱ्याला लावलं तर माणूस कार्ड घेत नाही. टाइप झाल्यावर मी यादी साध्या कागदावर मोठ्या अक्षरात छापली, वाचनालयाच्या दाराला चिकटवली आणि बाजूला सुतळीने पेन बांधून ठेवला की ज्याचं चुकलं त्याने तिथंच दुरुस्त करावं. आठ दिवसांत पेन दोनदा चोरीला गेला पण एकतीस दुरुस्त्या आल्या. त्यातली एक ध्यानात राहिली. एका आजीच्या नावापुढे रजिस्टरमध्ये होतं तसं "गं. भा." लिहून आलं होतं, तिने नातीच्या हाताने ते खोडून घेतलं आणि म्हणाली, "नुसतं नाव लिव्ह बाप्पा, पुस्तक मी वाचतो, माह्यं कपाळ नाही वाचत." त्यानंतर मी श्री, सौ., श्रीमती, सगळेच काढून टाकले. नुसतं नाव. जागा पण वाचली.

जुनी यादी कोणी कृतीदेवमध्ये टाइप करून ठेवली असेल तर ती तशीच वापरू नका. कृतीदेव, शिवाजी हे फॉन्ट दिसायला मराठी असतात पण आतमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट बदलला की सगळं गिचमिड. मेल मर्जमध्ये एखाद्या फील्डला (साच्यात यादीतलं नाव-नंबर येते ती जागा) तो फॉन्ट लावायचा राहिला की कार्डावर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. शिवाय यादी अकारविल्हे लावायला गेलं तर क्रम पण चुकते, कारण एक्सेल त्या इंग्रजी अक्षरांचा क्रम लावते. नेटवर कृतीदेवचं युनिकोड (म्हणजे आतमध्ये पण खरी मराठी अक्षरं) करणारे कन्व्हर्टर फुकट आहेत, त्यातून काढा आणि मग नजरेखालून घाला, खासकरून अर्धा र असलेले शब्द. वऱ्हाडे, कऱ्हाडे, पऱ्हाटे असे काही असले की तिथं हमखास घोळ होते. नवीन टाइप करायचं तर विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे, सेटिंगमध्ये भाषा मराठी जोडली की मिळते, इंग्रजीत बोलल्यासारखं टाइप करा, मराठी उमटते.

एक्सेलचे दोन-तीन फटके मला बसले ते सांगतो. पहिला, नंबर ००१२ टाइप केला की एक्सेल पुढचे शून्य खाऊन नुसते १२ ठेवते. दुसरा, तारीख. यादीत ३१ मार्च नीट दिसते, पण वर्डमध्ये आली की अमेरिकेसारखी महिना आधी आणि दिवस नंतर होऊन येते. तिसरा सगळ्यात बेकार, मला तो दोन दिवस कळलाच नाही. एखाद्या कॉलममध्ये सुरुवातीला सगळे आकडे आहेत आणि खाली कुठेतरी "१२/अ" असं अक्षर आलं, तर वर्ड वरच्या काही ओळी पाहून ठरवते की हा आकड्यांचा कॉलम आहे आणि खालचं अक्षरवालं गाळून टाकते, तिथं रिकामं नाहीतर शून्य येते. आमच्यात एकाच कुटुंबातल्या सभासदांना ४५/अ, ४५/ब असे नंबर आहेत, त्या सगळ्यांचे कार्ड बिननंबरचे आले.

तिन्हीवर औषध एकच. टाइप करायच्या आधीच सगळे कॉलम निवडून राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, टेक्स्ट. मग तारीख पण टेक्स्ट, नंबर पण टेक्स्ट, जसं टाइप केलं तसंच येते. आधीच टाइप झालं असेल तर नुसता फॉरमॅट बदलून होत नाही, ते आकडे परत टाइप करावे लागतात, किंवा आकड्याच्या आधी एक वरचं स्वल्पविराम चिन्ह टाकायचं, इंग्रजी अपॉस्ट्रॉफी. कंटाळवाणं आहे पण पक्कं आहे.

यादी शेवटी मोहल्ल्याप्रमाणे नाहीतर गावाप्रमाणे लावून घ्या. कार्ड त्याच क्रमाने छापून निघतात, वाटताना एकाच आळीचे एकत्र सापडतात. सेव्ह करा आणि एक्सेल बंद करा. उघडी राहिली तर वर्ड कधीकधी फाइल घ्यायला कुरकुर करते.

साचा

कार्डाची साइज एटीएम कार्डाएवढी ठेवा, पाकिटाचे कप्पे त्याच मापाचे असतात. ते माप ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. ए-४ कागदावर दोन आडवे आणि पाच उभे असे दहा बसतात.

वर्डमध्ये (२००७ पासून पुढच्या कोणत्याही) मेलिंग्ज टॅबवर जा, स्टार्ट मेल मर्ज, त्यात लेबल्स. लेटर्स घेऊ नका, लेटर्समध्ये एका पानावर एकच माणूस येते. लेबल्सच्या खिडकीत कंपन्यांची भलीमोठी यादी दिसते, ती सोडा, न्यू लेबल दाबा आणि आधी पेज साइज ए-४ करून हे आकडे भरा, सगळे सेंटिमीटरमध्ये: टॉप मार्जिन १.३५, साइड मार्जिन १.९४, लेबल हाइट ५.४, लेबल विड्थ ८.५६, व्हर्टिकल पिच ५.४, हॉरिझॉन्टल पिच ८.५६, नंबर अक्रॉस २, नंबर डाउन ५. तुमच्याकडे इंच दिसत असतील तर आकड्यापुढे इंग्रजीत सीएम लिहा, वर्ड समजून घेते. पिच म्हणजे एका कार्डाच्या कडेपासून पुढच्या कार्डाच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर. पिच आणि कार्डाची साइज सारखी ठेवली की दोन कार्डांमध्ये फट राहत नाही.

फट ठेवायची का नाही यावर काकाजींचं आणि माझं थोडं वाजलं. ते म्हणे फट ठेव, कापताना हात हलला तरी बाजूच्याचं कार्ड वाचते. मी हिशोब करून दाखवला, फट नसली तर एका पानाला नऊ काप, फट ठेवली तर चौदा. एकोणीस पानं आहेत. शेवटी बिनफटीचं ठरलं, पण मग कार्डाच्या कडेला रंगीत पट्टी नको, पांढरंच ठेवा, कारण काप अर्धा मिलिमीटर सरकला तरी शेजारच्याचा रंग आपल्या कार्डावर दिसते.

ओके दाबलं की पानावर दहा खणांचा टेबल येते. रेषा दिसत नसतील तर टेबलच्या लेआउट टॅबमध्ये व्ह्यू ग्रिडलाइन्स आहे, पण त्या रेषा स्क्रीनपुरत्या असतात, छापून येत नाहीत. कापायला खूण पाहिजे म्हणून मी पूर्ण टेबल निवडून एकदम पातळ फिकट राखाडी बॉर्डर दिली.

आता सिलेक्ट रेसिपियंट्स, यूज ॲन एक्झिस्टिंग लिस्ट, आपली एक्सेल फाइल निवडा, शीट निवडा, खाली "पहिल्या ओळीत हेडिंग आहे" अशा अर्थाची टिक असते ती राहू द्या. झालं की दुसऱ्या खणापासून सगळीकडे नेक्स्ट रेकॉर्ड असं लिहिलेलं दिसते. त्याला हात लावू नका. त्याचा अर्थ "आता पुढचा माणूस घे". चुकून ते पुसलं तर त्या खणात आधीच्याच माणसाचं कार्ड परत येते, आणि चुकून पहिल्या खणात आलं तर यादीतला पहिला माणूसच गायब.

सगळी सजावट फक्त पहिल्या खणात करायची. वर वाचनालयाचं नाव, खाली गाव-तालुका-जिल्हा, मग डावीकडे फोटोची जागा आणि उजवीकडे माहिती. हे नीट बसवायला खणाच्या आत अजून एक छोटा दोन खणांचा टेबल घाला, स्पेसबार दाबून दाबून जागा करू नका, नाव लांब झालं की सगळं सरकते. मग कर्सर जिथं पाहिजे तिथं ठेवून इन्सर्ट मर्ज फील्डमधून नाव, नंबर, गाव एकेक टाका. "सभासद क्र." हे आपण टाइप करायचं आणि त्यापुढे फील्ड.

आणि मग अपडेट लेबल्स. हे बटण दाबल्यावरच पहिल्या खणातलं सगळं बाकी नऊ खणांत जाते. पहिल्या खणात नंतर काहीही बदललं, एक टिंब जरी, तरी हे परत दाबायचं. माझ्याकडे मदतीला आलेला बारावीतला पोट्टा दर वेळी हे विसरायचा आणि म्हणायचा, "भाऊ, पहिलं कार्डच चांगलं येऊन राह्यलं, बाकीचे जुनेच येऊन राह्यले." शेवटी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीच लावली.

प्रिव्ह्यू रिझल्ट्स दाबा म्हणजे खरी नावं दिसतात.

नाव बारीक काहून दिसते

इथं मराठीवाल्यांची हमखास अडचण येते. तुम्ही फॉन्ट साइज १४ केली, फील्ड १४ मध्ये दिसते, प्रिव्ह्यू केलं की नाव ११ च्या साइजमध्ये आणि भलत्याच फॉन्टमध्ये. कारण वर्ड इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे धरून ठेवते. फील्डचं नाव इंग्रजी, त्यामुळे तुम्ही बदललं ते इंग्रजीचं, मराठी नाव आलं की ते आपला जुनाच फॉन्ट घेऊन येते. फील्ड निवडून कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टची खिडकी उघडते, त्यात कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असा वेगळा भाग आहे. तिथं फॉन्ट, बोल्ड आणि साइज तिन्ही टाका. हा भाग दिसत नसेल तर विंडोजमध्ये मराठी भाषा जोडलेली नाही असं समजा.

फॉन्ट कोणता? विंडोजमध्ये मंगल असते, निर्मला असते, कोकिळा असते. कोकिळा दिसायला चांगला आहे पण बारीक आहे, त्याला दोन-तीन पॉइंट जास्त द्या. मी मुक्ता घेतला, तो फुकट मिळते, जाड-पातळ प्रकार भरपूर आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येते.

अजून एक. लेबलच्या खणाची उंची पक्की असते, मजकूर जास्त झाला की खण वाढत नाही, खालची ओळ गपचूप दडून जाते. म्हणून आधी यादीतलं सगळ्यात लांब नाव शोधा. एक्सेलमध्ये लेन नावाचा फॉर्म्युला अक्षरं काना-मात्रेसकट मोजते, बाजूच्या कॉलममध्ये तो लावून मोठ्यापासून छोट्याकडे लावा, वरची पाच नावं प्रिव्ह्यूमध्ये पाहा. ती बसली म्हणजे बहुतेक सगळी बसली. आमच्यात एका मास्तरांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून दोन ओळी भरत होत्या, त्यांच्यासाठी सगळ्यांचा फॉन्ट एक पॉइंट कमी केला.

वार्षिक सभासदाला वैधता आणि आजीव सभासदाला "आजीव" असं छापायचं असेल तर रूल्समध्ये इफ-देन-एल्स आहे, चालते, पण मी ते एक्सेलमध्येच करून ठेवलं. वैधतेच्या कॉलममध्ये कोणाला तारीख, कोणाला "आजीव". वर्डला जितकं कमी डोकं लावायला देसाल तितकं बरं.

फोटो

पन्नासपेक्षा कमी सभासद असतील तर माझं ऐका, फोटोची रिकामी चौकट छापा आणि फोटो चिकटवून लॅमिनेट करा, मोकळे व्हा. जास्त असतील तर पुढे वाचा.

फोटो आम्ही मोबाइलवर काढले, शाळेच्या उत्तरेकडच्या भिंतीसमोर, सकाळी. कापसाची वेचणी सुरू झाली की माणूस सापडत नाही, म्हणून त्याच्या आधी दोन रविवार धरले. कोणता फोटो कोणाचा हे नंतर ओळखायला एक युक्ती केली. माणसाच्या आधी त्याच्या नंबरच्या चिठ्ठीचा फोटो, मग माणसाचा. चिठ्ठी, माणूस, चिठ्ठी, माणूस. घरी येऊन बसलं की एकही चुकत नाही. एका आबाजीला मी म्हटलं टोपी काढा, चेहरा नीट येईल, तर ते म्हणाले, "टोपी काढली तं मले गावात कोणी वळखन का?" टोपीसकट काढला.

सगळे फोटो एकाच मापात कापून घ्या. दोन बाय अडीच सेंटिमीटर, ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके त्याचं माप), म्हणजे साधारण २३६ बाय २९५ पिक्सेल. चेहरा मध्ये आला का पाहून आधी कापून घ्या, मग इरफानव्ह्यू नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये बॅच करून सगळ्यांची साइज आणि डीपीआय एकदम होते. डीपीआय सारखा नसला तर पिक्सेल सारखे असूनही वर्डमध्ये एक फोटो मोठा आणि एक छोटा येते. फाइलचं नाव म्हणजे नुसता सभासद नंबर, इंग्रजी आकड्यात, स्पेस नाही, मराठी नाही, आणि ४५/अ मधली तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, तिथं आडवी रेघ करा आणि अ-ब पण इंग्रजीत लिहा. सगळे एकाच फोल्डरमध्ये, फोल्डरचा पत्ता छोटा ठेवा, डी ड्राइव्हमध्ये सरळ फोटो नावाचं फोल्डर केलं की बस.

एक्सेलच्या फोटो कॉलममध्ये प्रत्येकाच्या पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता टाकायचा, ड्राइव्हपासून जेपीजीपर्यंत, आणि पत्त्यातली प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा टाकायची. एकदाच टाकली तर वर्ड फोटो शोधत बसते.

मग वर्डमध्ये पहिल्या खणात फोटोच्या जागी कर्सर ठेवा. इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड, आणि यादीतून इन्क्लूड पिक्चर निवडा. फाइलनेमच्या जागी काहीही एक शब्द लिहा, मी अबक लिहिलं, आणि ओके. तिथं फोटो सापडला नाही असा फुलीचा डबा येते, घाबरू नका. आता आल्ट आणि एफ-९ दाबा, सगळ्या फील्डचे आतले कोड उघडे होतात. त्या कोडमध्ये तुमचा अबक दिसेल, फक्त तो शब्द निवडा, बाजूला अवतरणचिन्हं असली तर तशीच राहू द्या, आणि त्याच्या जागी इन्सर्ट मर्ज फील्डमधून फोटो हे फील्ड टाका. परत आल्ट-एफ-९. अपडेट लेबल्स.

प्रिव्ह्यूमध्ये फोटो चुकीचे दिसतील, किंवा सगळ्यांना एकच चेहरा दिसेल. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. ते असंच असते, फोटो आपोआप ताजा होत नाही. फिनिश अँड मर्जमध्ये जाऊन एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स, ऑल करा, नवीन फाइल उघडते, त्यात कंट्रोल-ए करून सगळं निवडा आणि एफ-९ दाबा. एकेक करून चेहरे बदलत जातात, पाहायला मजा येते. सगळे आले की परत कंट्रोल-ए आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ-९, याने फोटो फाइलमध्येच पक्के बसतात, फोल्डर हललं तरी काही होत नाही. पण हे फक्त या नवीन फाइलमध्ये करा. साच्याच्या मूळ फाइलमध्ये केलं तर साचा गेला.

छपाई

सरळ प्रिंटर सोडू नका, आधी पीडीएफ करा. पहिली छपाई करायला मी वर्डची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो, त्यांच्याकडे माझा फॉन्ट नव्हता, कॉम्प्युटरने आपल्या मनाने दुसरा लावला, नावं दुसऱ्या ओळीवर गेली आणि खालची वैधता दडली. मी तिथं पाहिलं नाही, घरी येऊन पाहिलं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहते.

पीडीएफ छापताना ॲक्च्युअल साइज किंवा १०० टक्के असं पाहिजे. फिट टू पेज असलं तर कार्ड दोन-तीन मिलिमीटरने बारीक होते. दुकानातल्या पोराला हे तोंडाने सांगून जमत नाही, त्याच्या बाजूला उभं राहून त्या खिडकीत टिक कुठं आहे ते पाहा. पहिलं पान साध्या कागदावर काढा आणि त्यावर तुमचं एटीएम कार्ड ठेवून पाहा, कडा जुळल्या पाहिजेत. मगच जाड कागद.

कागद २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन, जास्त म्हणजे जाड) घ्या, झेरॉक्सचा साधा कागद ७५ च्या आसपास असते. घरचा प्रिंटर इतका जाड घेते का ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असते, मागून कागद टाकायची सोय असली तर बहुतेक घेते कारण कागद जास्त वळत नाही. प्लास्टिकच्या इंकजेट पीव्हीसी शीट पण मिळतात, दिसतात भारी, पण त्या चुकूनही लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, लेझरच्या आत तापलेला रोलर असते, शीट तिथंच वितळून चिकटते आणि प्रिंटरवाला तुमच्याकडे ज्या नजरेने पाहते ते विसरता येत नाही.

मागची बाजू सगळ्यांची सारखीच ठेवा, नियम, वेळ, "कार्ड सापडल्यास वाचनालयात द्यावे". मग पान उलटं झालं तरी कोणाचं कोणाला जात नाही. मागे पण वेगळी माहिती पाहिजे असेल तर प्रत्येक ओळीतली डावी-उजवी अदलाबदल करावी लागते, त्या भानगडीत मी पडलो नाही.

कापताना एका वेळी एकच पान कापा. चार-पाच पानं एकावर एक ठेवून कापली तर गठ्ठ्यात पहिला, अकरावा, एकविसावा असे येतात आणि मोहल्ल्याप्रमाणे लावलेला क्रम मोडते. कात्री नको, कटर नाहीतर स्टीलची पट्टी आणि ब्लेड.

लॅमिनेशनसाठी आयडी कार्डाचे तयार पाउच मिळतात, कार्डापेक्षा थोडे मोठे. इंकजेटवर छापलं असेल तर रात्रभर वाळू द्या, ओली शाई आत पसरते. कार्ड पाउचच्या मधोमध ठेवा, दुमडलेली बाजू मशीनमध्ये आधी घाला. नंतर कडा सारख्या करायच्या तर चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिक राहू द्या, कागदापर्यंत कापलं तर तिथून पाणी शिरते आणि मग पिवळ्या पुठ्ठ्याचंच नशीब. एटीएम कार्डाच्या कप्प्यात अगदी घट्ट बसवायचं असेल तर साच्यातच कार्ड चार-पाच मिलिमीटर लहान धरा म्हणजे पाउचची कडा धरून माप जुळते. हे मला नंतर सुचलं, आमचे कार्ड पाकिटात थोडे ओढूनच जातात.

आणि मशीनवर एक वेळी एकच पाउच. आमचं साठावं की एकसष्टावं कार्ड अर्धं आत असताना लाइन गेली. तापलेल्या रोलरमध्ये कार्ड अडकलं, ते मास्तरांचंच. बऱ्याच मशीनला मागे किंवा बाजूला रोलर ढिला करायची कळ असते, ती ओढून कार्ड लगेच मागे ओढायचं असते, आम्ही लाइन यायची वाट पाहत बसलो. कार्डाला मधोमध एक लाट आली. मास्तरांनी ते पाहिलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाले राहू द्या, आता अंधारात पण ओळखता येईल.

नवीन सभासद

साच्याची फाइल पुढच्या वेळी उघडली की वर्ड एसक्यूएल कमांड चालवू का असं काहीतरी इंग्रजीत विचारते, यस म्हणायचं. नो म्हटलं तर यादीशी नातं तुटते आणि परत सिलेक्ट रेसिपियंट्सपासून सुरू. एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी तेच.

"छापलं" कॉलम इथं कामी येते. कार्ड हातात पडलं की त्या माणसापुढे "हो" लिहायचं. नवीन नावं यादीत खाली टाकत जायची, आणि छापायची वेळ आली की मेलिंग्जमध्ये एडिट रेसिपियंट लिस्ट उघडून फिल्टर लावायचा की "छापलं" रिकामं आहे तेवढेच घे. १८७ चे एकोणीस पानं होतात आणि तीन खण उरतात, आम्ही त्यात त्या आठवड्यात आलेले तीन नवे बसवले, एकशे नव्वद पुरे. त्यानंतर दहा जमले की एक पान काढतो, तोवर काकाजी पिवळ्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहून देतात. सध्या सात जमले आहेत.